फोटोपुरता सरळ

अमळनेर,
१२ जानेवारी २०२५

ती. कमलताईस, सुवर्णाचा शि. सा. न.

ज्या बाईला कसं वाटतं असं विचारलं की उत्तर घरातलं दुसरंच कोणी देऊन टाकतं, अशा प्रत्येक बाईला हे पत्र आहे. त्यात पहिली तू. परवा फोनवर तुझ्या नव्या गुडघ्याची चौकशी केली, तर तुझा लेक नितीन म्हणाला, एकदम मस्त. गुडघा त्याचा बदलला का? मागून दाजी म्हणाले, पाय सरळ झाला. तू गप्प. मी सभांमधून बायांना बोलतं करते आणि सख्ख्या बहिणीचा आवाज मला ऐकू येत नाही! म्हणून कागद. तो स्पीकरवर लावता येत नाही. डावा गुडघा होळीनंतर करायचं ठरलंय म्हणे. कोणी ठरवलं? खरं ते लिही.

लोभ आहेच, उत्तर हवं.

तुझी सुवर्णा

गोडादरा, सुरत,
२० जानेवारी

चि. सुवर्णास अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक. हे पांडेसऱ्याला मिलमध्ये जातात. मी खाटेवर बसून साड्यांचे धागे कापते. दुखणं कमी आहे. टाक्यांच्या बाजूला बोट लावलं तर कळत नाही, ते तसंच राहतं म्हणे. पण पाय माझा वाटत नाही. पाऊल बाहेरच्या कडेवर पडतं, चप्पल तिथेच झिजते. डॉक्टरांना सांगावं, तर नितीन आधीच छान म्हणून मोकळा होतो.

ऑपरेशनआधी उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंत एक्स-रे काढतात. त्यावर रेघा आखून हाड किती तिरकं कापायचं ते ठरवतात. फोटो म्हटल्यावर मी नीट उभी राहिले होते, माय पाहुण्यांसमोर उभी करायची तशी. तरी असं झालं.

डावा करायचा नाही, असं मी मनात ठरवलंय. कोणाला सांगितलं नाही. सांगावंसंही वाटत नाही.

तब्येतीला जप, ओरडून घसा बसवू नकोस.

तुझी ताई

अमळनेर,
२७ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

मायची ती शिकवण मलाही आठवते. फेंगडे पाय दिसू नयेत म्हणून गुडघे आत वळवायचे, एक पाऊल जरा मागे, निऱ्या पुढे. अगं, त्या मशीनला तुझ्याशी लग्न करायचं नव्हतं!

हसलीस का? आता ऐक. पाय होता त्याहून सरळ फोटोत आला असेल आणि रेघा त्या फोटोवर आखल्या गेल्या असतील, म्हणून पायाचा वाक पुरता निघाला नसेल. चूक तुझी नाही. गुडघा कुठे बघतोय हे पाहायला तिथे पगारी माणसं होती. नितीनला बाहेर बसव आणि डॉक्टरांना सांग, मी अशी उभी होते.

रागावलीस तरी चालेल, गप्प बसू नकोस.

सुवर्णा

गोडादरा,
१० फेब्रुवारी

चि. सुवर्णास आशीर्वाद.

जाऊन आले. नितीन बाहेर बसला, तोंड पाडून. मी डॉक्टरांना उभी राहून दाखवलं. त्यांनी जुना फोटो उजेडावर धरला. मग म्हणाले, गुडघ्याची वाटी आत बघतेय, हा पुन्हा काढायला हवा होता. आमच्या लक्षात यायला हवं होतं. उजव्यात थोडा तिरकेपणा राहिलाय, पुन्हा उघडण्याइतका नाही. चपलेत बाहेरच्या कडेला पट्टी घालून बघू.

मला राग यायला हवा होता. आला नाही. बोट लावल्यावर कळत नाही, तसंच.

महिनाअखेरच्या शुक्रवारी डाव्याचा नवीन फोटो आहे. जाईन की नाही ठाऊक नाही. गेले तरी उपयोग काय? फोटो म्हटलं की गुडघे आपोआप वळतात. मला दुसऱ्या तऱ्हेनं उभं राहताच येत नाही.

तुझी ताई

अमळनेर,
१७ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

येतं. सकाळी नळावर हंडा भरेपर्यंत तू कशी उभी असतेस? तिथे तुला कोणी पाहायला आलेलं नसतं. उभ्या आयुष्यात तेवढंच उभं राहणं तुझं स्वतःचं.

डावा करायचा की नाही, ते तू ठरव. नितीनने नाही, दाजींनी नाही, मीही नाही. पण ठरवशील ते तुझ्या खऱ्या पायावरून ठरव. पाहुणे कधीच पोहे खाऊन गेले, ताई. मायही गेली. शुक्रवारी त्या मशीनसमोर जा, वाट्या समोर ठेव आणि फेंगडी उभी राहा.

तुझीच,
सुवर्णा