केटल क्रीकच्या फुटबॉलची पायाभरणी

२ सप्टेंबर १९५७, सोमवार
आजपासून प्रॅक्टिस सुरू. केटल क्रीक कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा कोच म्हणून माझं हे सहावं वर्ष. पायाभरणी झाली, आता इमारत. गेल्या वर्षी एकही मॅच जिंकलो नाही, पण ते वर्ष मी मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी एक जिंकलो. समोरच्यांची बस चिखलात रुतली आणि निम्मीच टीम पोचली म्हणून जिंकलो, असं गावात बोलतात. बस रुतली हे खरं. जिंकलो हेही खरं.

संकल्प: कोणावर ओरडायचं नाही. गावचा पेपर वाचायचा नाही. सहा मॅच जिंकायच्या. नाहीतर निदान पाच.

कॉलेजचे प्रेसिडेंट डॉ. टटल मैदानावर चक्कर मारून गेले. म्हणाले, ट्रस्टी विचारतायत, फुटबॉल बंद करून नुसता बँड ठेवला तर काय हरकत आहे. मी म्हणालो, बँड हाफटाइमला वाजतो, त्याला मॅच लागते. ते म्हणाले, हाफटाइमपर्यंत लोक थांबत नाहीत, अडचण तीच आहे. हा माणूस पूर्वी लॅटिन शिकवायचा. याच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार.

५ सप्टेंबर
असिस्टंट म्हणून माझ्या गळ्यात सॉर्ली नावाचा भूगोलाचा मास्तर बांधलाय. चष्मा लावतो. मुलांना पहिल्या नावाने हाक मारतो. आज म्हणाला, कोच, आपली मुलं अंगाने हलकी आहेत, पण पळतात छान. समोरच्या धिप्पाड पोरांच्या अंगावर घातली की चेपतात. आपण चेंडू फेकून बघू या का?

मी त्याला शांतपणे समजावलं. माझं फुटबॉल सरळ आहे. चेंडू छातीशी धरायचा, मान खाली घालायची, समोरच्याच्या अंगावर जायचं. हातात आलेली वस्तू हवेत भिरकावणं हे वेंधळ्याचं काम. त्याने मान डोलावली, पण ऐकलं नाही. अशी मान मी ओळखतो, घरी एक आहे.

लाइल नावाचा एक काटकुळा पोरगा आहे, बीटाच्या शेतावरचा. तो फेकतो लांब. त्याला बाकावर बसवलं. म्हणालो, फेकायचीच हौस असेल तर गवताचे भारे फेक. म्हणाला, तेच फेकून आलोय, कोच. उद्धट.

११ सप्टेंबर
ओरडलो. पण कारण होतं.

२१ सप्टेंबर, शनिवार
पहिली मॅच. ०–३४. डोळ्यांवर ऊन येत होतं, मुलांना काही दिसेना. रात्री जेवताना बायकोला, बर्निसला, हे सांगितलं. तिने विचारलं, हाफटाइमनंतर बाजू बदलतात ना? मग ऊन त्यांच्या डोळ्यांवर जायला हवं होतं. मी म्हणालो, तुला फुटबॉलमधलं कळत नाही. म्हणाली, मला उन्हातलं कळतं. मीटलोफ कोरडा झाला होता. तसं सांगितलं.

२८ सप्टेंबर
०–२७. सुधारणा आहे. चुकून पेपर वाचला. लिहिलंय की केटल क्रीकची टीम मैदानावर आली आणि गेली. त्यातलं 'आली' तेवढं बरोबर आहे, आम्ही वेळेवर पोचलो होतो.

१ ऑक्टोबर
कोणीतरी मैदानावरच्या खांबाला माझा पुतळा फासावर लटकवला. जुन्या पँटमध्ये पेंढा भरून, वर माझ्यासारखी टोपी. काम अगदी गचाळ. पोट भलतंच मोठं केलंय. कोणाचा पुतळा आहे ते मी ओळखलंच नसतं, पण बर्निसने रस्त्यावरून गाडीतूनच ओळखलं.

गावात कोणी नमस्कार करत नाही. ऑरिन न्हाव्याच्या दुकानात शिरलो तर चौघंजण बोलत होते, ते गप्प झाले. ऑरिन म्हणाला, मागून किती कापू, व्हर्जिल? वरून तर तुझं सगळंच गेलंय. चौघंही हसले. यांतल्या एकानेही जन्मात चेंडू हातात धरलेला नाही. पुढच्या वेळी केस शेजारच्या हॅनिबर्ग गावी जाऊन कापणार. म्हणजे त्यांच्याशी मॅच झाल्यावर. आधी नको, हेरगिरी करतोय म्हणतील.

८ ऑक्टोबर
हेरगिरीवरून आठवलं. सलग दोन दिवस मैदानापलीकडच्या झाडीत एक माणूस दुर्बीण घेऊन बसलेला असतो. आपल्या चाली बाहेर कशा जातात हा प्रश्न सुटला. सॉर्ली म्हणाला, आपली चाल एकच आहे, कोच, ती सगळ्यांना पाठ आहे. त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

९ ऑक्टोबर
हेर पकडला. दोन दांडगी पोरं झाडीमागून पाठवली. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मान खाली घातली आणि सरळ अंगावर गेली. माणूस ओढ्यात पडला. ते जीवशास्त्राचे प्रोफेसर अमुंडसेन निघाले. ससाणे बघत होते. एक बूट वाहून गेला. कॉलेजच्या क्रीडा समितीचे अध्यक्ष तेच आहेत हे मला ठाऊक होतं, पण चिखलात ओळखू आले नाहीत.

मी त्यांना म्हणालो, तरी पोरांचं तंत्र बघा, या सीझनमध्ये पहिल्यांदा अचूक जमलं. त्यांचे दात वाजत होते. थंडीने असावं.

१९ ऑक्टोबर, शनिवार
होमकमिंग. जुने विद्यार्थी गावोगावहून बायकापोरं घेऊन आले. ०–४१. हाफटाइमला बँड वाजला तेव्हा समोर बर्निस, पाद्री आणि शेंगदाणे विकणारा एवढेच उरले होते. पाद्र्याला थांबावंच लागतं.

वेंडेल नावाच्या पोराची बरगडी मोडली. पडल्यावर उठेना. मी म्हणालो, ऊठ, दम घे, पुढच्या वेळी खांदा खाली ठेव. सॉर्ली मध्ये आला आणि त्याला स्वतःच्या गाडीत घालून घेऊन गेला. मॅच चालू असताना. मला न विचारता. याची नोंद ठेवली पाहिजे.

२१ ऑक्टोबर
सॉर्लीला ऑफिसात बोलावून झापलं. तो आधी ऐकून घेत होता. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, कोच, ही या महिन्यातली तिसरी बरगडी. तुम्ही स्कोअर बघता, दवाखान्यात मी बसतो. वेंडेलच्या आईने मला विचारलं, एकाच भिंतीवर परत परत का धडकायला लावता माझ्या मुलाला? मी काय सांगू तिला, ते तुम्हीच सांगा.

मी म्हणालो, बरगडी आपोआप जुळते. त्याने चष्मा घातला आणि दार न लावता गेला. दार मला उठून लावावं लागलं.

वेंडेलला भेटायला जायचं ठरवलं आहे. उद्या किंवा परवा.

२ नोव्हेंबर, शनिवार
पुन्हा हरलो. स्कोअर लिहीत नाही. आकड्यांत फुटबॉल नसतो. वेंडेलकडे जायचं राहिलंच. या आठवड्यात वारा फार होता.

५ नोव्हेंबर
टटलने बोलावलं. खोलीत अमुंडसेनही बसलेले, नवे बूट घालून. टटल म्हणाले, सोळा तारखेची हॅनिबर्गची मॅच बघायला ट्रस्टी स्वतः येणार आहेत. तेव्हाही हेच दिसलं तर फुटबॉल बंद. मी विचारलं, हेच म्हणजे काय? अमुंडसेन म्हणाले, शून्य. तेवढा एकच शब्द. माणूस मनात ठेवतो.

मी निघताना टटल म्हणाले, व्हर्जिल, बावीस मुलं फुटबॉलच्या स्कॉलरशिपवर शिकतात. बंद झालं तर बरीचशी शेतावर परत जातील. त्यांना वाटलं हे मला माहीत नाही. मला माहीत आहे. म्हणूनच मी नवी योजना आखली आहे.

६ नोव्हेंबर
योजनेचं नाव 'हातोडा'. आजवर आमची मुलं समोरच्या सगळ्यांच्या अंगावर जात होती. आता सगळी मिळून एकाच्याच अंगावर जातील. सॉर्लीला समजावून सांगितलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, लाइलला दहा मिनिटं द्या, कोच. दहाच. पाया पडतो तुमच्या. मी म्हणालो, पाया पडण्याने काही होत नाही, पायात जोर पाहिजे.

चांगलं बोललो. मुलांपुढे पुन्हा बोललो. कोणी हसलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार
हॅनिबर्ग. सगळं लिहितो, कारण उद्या लोक वेगळं सांगतील.

पहिल्या हाफमध्ये ०–२०. हातोडा बसत होता, फक्त हॅनिबर्गचा तो एक पोरगा बाजूला सरकत होता. हे नियमात बसतं का असं मी पंचाला विचारलं. तो म्हणाला, बसतं. मी त्याला विस्ताराने समजावू लागलो. समजावताना त्याच्या गळ्यातली शिट्टी माझ्या हातात आली. ओढली नाही, आली. त्याने मला मैदानाबाहेर काढलं. ट्रस्टींच्या समोरून चालत जावं लागलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मला पाठिंबा आहे. पण ते उभे राहून वाजवत होते आणि हसत होते.

कॉलेजच्या जिमच्या मागे गाडीत बसलो. हीटर लावला. दुसरा हाफ सुरू झाला. थोड्या वेळाने मोठा ओरडा झाला. म्हटलं, हॅनिबर्गने आणखी एक केला. मग दुसरा ओरडा. तिसरा. मुलांची कीव आली. मी नसलो की असं होतं. चौथ्या ओरड्याला मी खिडकीची काच वर केली.

मग सगळ्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. बर्निसने दार उघडलं. तिच्या टोपीची पिसं वाकडी झाली होती, गाल लाल. म्हणाली, जिंकलो. मी विचारलं, कोण? म्हणाली, सॉर्ली.

लाइलने म्हणे दुसरा हाफभर फेकाफेकी केली. २८–२०. लोकांनी सॉर्लीला खांद्यावर घेतलं, चष्मा कुठेतरी पडला. हातोड्याने पहिल्या हाफमध्ये हॅनिबर्गला दमवून ठेवलं होतं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. घरी येताना बर्निसला सांगितलं. ती बाहेर बघत गुणगुणत होती.

१८ नोव्हेंबर, सोमवार
टटलकडे गेलो. करार वाढवण्याबद्दल असणार म्हणून चांगला सूट घातला. फुटबॉल चालू राहणार. सॉर्ली कोच. मला पहिल्या वर्षाच्या मुलांची सकाळची कवायत. मी म्हणालो, विचार करून सांगतो. टटल म्हणाले, विचार झालाय, व्हर्जिल.

संध्याकाळी सॉर्ली घरी आला. हातात बायकोने भाजलेला ॲपल पाय, सफरचंद घातलेला गोड प्रकार. पायरीवर उभा राहून म्हणाला, पुढच्या वर्षी माझ्याबरोबर या, कोच. धक्का बसल्यावर उभं कसं राहायचं ते मुलांना तुमच्यासारखं कोणी शिकवत नाही. हे मी मनापासून बोलतोय. मी म्हणालो, भूगोलाच्या मास्तराच्या हाताखाली मी काम करत नाही. आत बोलावलं नाही.

तो लगेच गेला नाही. बर्निस दोन ताटल्या आणि कोट घेऊन बाहेर गेली. दोघं त्या थंडीत पायरीवर बसून तो ॲपल पाय खात होती. मी खिडकीशी होतो. माझ्यासाठी तुकडा ठेवला होता. खाल्ला नाही. सकाळी खाल्ला.

१२ डिसेंबर १९६४, शनिवार
पुष्कळ दिवसांनी लिहितोय. केटल क्रीक सलग तिसऱ्यांदा विभागाचं चॅम्पियन. कॉलेजात मोठी मेजवानी, आम्हालाही बोलावणं. आमंत्रणावर म्हटलंय, 'आपल्या फुटबॉलच्या इतिहासाला उजाळा'. इतिहास म्हटल्यावर मला बोलायला उठवणार हे उघड आहे. आठवडाभर भाषण लिहिलं. पायाभरणीपासून सुरुवात. बर्निस म्हणाली, छोटं कर. केलं. अर्धा तास.

सॉर्लीबद्दल चार चांगले शब्दही घातले. एवढ्या वर्षांनी माणसाने मोठं मन दाखवावं. दोन शब्द नंतर खोडले.

जागा स्वयंपाकघराच्या दाराशी मिळाली. तिथून व्यासपीठावर जायला उलट मोकळी वाट होती. सॉर्ली पुढच्या टेबलावर, आता केस पिकलेत. लाइल त्याचा असिस्टंट आहे. वेंडेल बायकोला घेऊन आला होता. मी नमस्कार केला. त्याने बायकोला माझं नाव सांगितलं. तिने हात पुढे केला नाही.

जेवण झालं. टटल बोलायला उठले. म्हातारे झालेत, आवाज तोच. म्हणाले, आज आपल्या फुटबॉलचा इतिहास आठवू या. मी कोटाचं बटण लावलं, कागद हातात घेतले, खुर्ची मागे सरकवली. ते म्हणाले, हा इतिहास सुरू होतो सोळा नोव्हेंबर १९५७ रोजी, हाफटाइमनंतर. त्याआधीही आपल्याकडे फुटबॉल खेळला जायचा, पण आता जेवण चांगलं झालंय, ते नको.

सगळा हॉल हसला. मी अर्धवट उठलेलो होतो. बर्निसने माझी बाही धरून मला खाली बसवलं आणि हळूच म्हणाली, तुझा उल्लेख झाला.