बर्फावरची सेडान आणि माझी पिकअप

२४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी लिहायची. डोरीनच्या मते मी हातात घेतलेलं एकही काम पुरं करत नाही. बायकोचं मत, सोडून द्यायचं.
ठराव एकच. गोठलेल्या तळ्यावरचं फिश हाउस मार्चच्या मध्याआधी ओढून घरी आणायचं. सरकारी नियमच आहे. मासे धरायला बसायची चाकांवरची लाकडी खोली, आत शेगडी, खाली बर्फाला पाडलेली भोकं आणि एक मोडकी आरामखुर्ची. एका दुपारचं काम.
दुपारी डुलूथहून लेकीचा, कर्स्टनचा फोन. बाळ एप्रिलच्या सुरुवातीला. जावई तेव्हा मालवाहू बोटीवर असणार, आणि तिच्या कारचा गिअरबॉक्स गेलाय. म्हणाली, डॅड, हॉस्पिटलातून आम्हा दोघांना घरी तू नेशील ना? गाडीत बाळाची कार सीट नसेल तर इथे बाळाला दाराबाहेर सोडतही नाहीत.
म्हटलं, पोरी, हा काय प्रश्न झाला? जन्मभर रेल्वेच्या इंजिनाने खाणीपासून डुलूथच्या धक्क्यापर्यंत लोखंडाच्या मातीच्या गाड्या ओढल्या. त्यात एक बाळ काय जड होणार आहे?
ती हसली, आणि मग थोडी रडलीही. फोन ठेवल्यावर मला एकदम तरुण वाटलं.

१ मार्च
कार सीट आणली आणि पिकअपच्या मागच्या बाकावर स्वतः बसवली. सूचनांचं पुस्तक उघडलं नाही. डोरीनने हलवून पाहिली, तर सीट तिच्या हातात आली. पुन्हा बसवली. आता इतकी घट्ट बसली आहे की काढायचीच झाली तर बाकासकट काढावी लागेल. हेच तर हवं होतं.

६ मार्च
अग्निशमन दलाची पैज सुरू. दरवर्षी तळ्यावर एक भंगार कार उभी करतात, आणि ती कुठल्या दिवशी बुडणार यावर अख्खं गाव तिकिटं घेतं. यंदा तांबडी सेडान आहे. पाण्यात तेल जाऊ नये म्हणून तिचं इंजिन मी आणि शेजारच्या रॉयने जानेवारीतच काढून ठेवलं होतं. रोज जाऊन तिच्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे. गावात बर्फ कळणारा माणूस दुसरा आहे कोण?
रॉयला विजेवर चालणारी चिमुकली कार घ्यायची बुद्धी झाली, आणि त्याने ती घेतलीही. मी तिला टोस्टर म्हणतो. तो हसतो. मूळचा फिनलंडचा, आणि फिन लोकांना राग यायला आठवडा लागतो.

१६ मार्च
फिश हाउसची मुदत काल संपली. गेलो नाही. वारा होता, कंबर होती, आणि टीव्हीवर शाळांच्या हॉकीच्या मॅचेस होत्या. उद्या.

१९ मार्च
डोरीनने मला तळ्याच्या उतारावर नेऊन नवीन पाटी दाखवली. बर्फावर कार नेऊ नये.
मी तिला शांतपणे समजावलं. कार म्हणजे कार. माझी पिकअप आहे, म्हणजे ट्रक. पाटी लिहिणाऱ्याला ट्रक म्हणायचं असतं तर त्याने ट्रक लिहिलं असतं. तसं बघितलं तर आमच्या रेल्वेत मातीच्या डब्यालाही कार म्हणायचे, प्रवासी गाडीतल्या भोजनाच्या डब्यालाही, आणि डुलूथच्या हॉस्पिटलातल्या लिफ्टच्या खोलीलाही कारच म्हणतात. उद्या लिफ्टवाल्याने पाटी वाचून घाबरायचं का?
डोरीन म्हणाली, वेंडल, तू गाडीचा विमा काढून आलास तेव्हा सगळ्या कागदांवर ती कार होती. तेव्हा नाही तुझं तोंड उघडलं.
विषय तिथेच संपला. मुद्दा माझाच बरोबर होता.

२४ मार्च
वनखात्याचा माणूस दारात. म्हणाला, मिस्टर हाउग, तळ्यावर आता एकटं तुमचंच फिश हाउस उरलंय. दंड लावत नाही, पण या आठवड्यात काढा. चांगला मुलगा. त्याला कॉफी दिली. काढतो म्हटलं.
ऊन फार पडतंय. बर्फ वरून करडा दिसतो. पण तांबडी सेडान ठाम उभी.

२८ मार्च
जावयाची बोट निघाली. कर्स्टन एकटी आहे. फोनवर दोनदा विचारलं, डॅड, ट्रक नीट आहे ना? म्हटलं, टायर बघितले, ऑइल बदललं, सीट सिमेंटसारखी बसली आहे. तू फक्त फोन कर, मी निघालोच समज.
डोरीनने डुलूथची बॅग दाराशी भरून ठेवली आहे. माझा इस्त्रीचा शर्टही आहे त्यात.

२ एप्रिल, दुपार
आज फिश हाउस आणतोच. बाळ आल्यावर वेळ कुठला? डोरीन म्हणाली, जळू दे ते खोकं, पोरीचा फोन कधीही येईल. रॉयनेही कुंपणावरून ओरडून सांगितलं, अरे, ओढ्याच्या तोंडाशी बर्फ कुजलाय. मी त्याला सेडान दाखवली. अख्खी कार उभी आहे बाबा, डोळे आहेत ना?
वाटेत ती पाटी आहेच. ट्रक. निघतो.

२ एप्रिल, संध्याकाळ
पिकअप बुडाली.
बर्फावर आम्ही खिडक्या उघड्या ठेवतो आणि पट्टा लावत नाही, म्हणून मी लिहितो आहे. आधी पुढची चाकं बसली. मी खिडकीतून निघून पोटावर सरपटलो. मागे वळलो तर मागचा भाग वर, आणि काचेतून ती कार सीट दिसत होती, नवी, राखाडी, पट्टे नीट जुळवलेले. मी काहीही करू शकलो नाही. हात पुढे केला होता, कशासाठी ते माहीत नाही. मग नुसतं काळं पाणी आणि बुडबुडे.
कुंपणावरून बघून धावत आलेला रॉय पोटावर झोपून दोर टाकत होता. मला ओढून काढल्यावर मी दात वाजवत म्हटलं, पण ती सेडान तर उभी आहे! तो म्हणाला, अरे वेंडल, तिच्यात इंजिन नाही. तूच काढलंस.
घरी डोरीनने मला ब्लँकेटात गुंडाळलं आणि सूप दिलं. ओरडली नाही. ओरडायला हवं होतं तिने.

३ एप्रिल, सकाळ
पहाटे कर्स्टनचा फोन. कळा सुरू. डोरीनने मला फोन दिलाच नाही. रॉयला हाक मारली, बॅग उचलली. बॅगेतून माझा शर्ट काढून खुर्चीवर ठेवला. रॉयची बायको चर्चमधल्या कुणाची तरी जुनी कार सीट घेऊन आली, आणि टोस्टरमध्ये ती एका मिनिटात बसली. पुस्तक वाचून.
मी म्हटलं, मीही येतो, मागे बसेन. डोरीन म्हणाली, बाळाला घरी नेताना पुढे रॉय आणि मी, मागे बाळ आणि कर्स्टन. तू कुठे बसणार?
मी गाडीतल्या जागा मोजल्या. खरंच जागा नव्हती.

३ एप्रिल, दुपार
मुलगी. दोघी ठीक. स्वयंपाकघरात एकटाच नाचलो. मग रडलो. सांगायला कुणी नव्हतं.

४ एप्रिल
कॉफीच्या दुकानात चालत गेलो. एकाने विचारलं, पुढच्या वर्षी तुझ्या ट्रकवर तिकिटं काढायची का? मीही हसलो. बातमी सांगायला गेलो होतो, ती सांगायची राहिली.

६ एप्रिल
कर्स्टनचा फोन. डॅड, पोचलो घरी. रॉयकाका इतक्या हळू चालवत होते की मागून ट्रकवाले भोंगे मारत होते. बाळ सबंध रस्ता झोपलं.
मी सांगायला बरंच काही ठरवून ठेवलं होतं. ओढा, ऊन, पाटी, सगळं. तिने पिकअपबद्दल एक शब्द विचारला नाही. मी म्हटलं, बरं झालं पोरी.
मग डोरीन आली फोनवर. ती महिनाभर तिथेच राहणार. फ्रीजमध्ये ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश आहे, गरम करून खा. मी विचारलं, मला नात कधी बघायला मिळणार? ती म्हणाली, बघू, कुणी इकडे येणारं असेल तर.
बस इथून सुटत नाही. उद्या कुणाला तरी विचारायला हवं, मला डुलूथला सोडाल का म्हणून. रॉयशिवाय कुणाला, ते सुचत नाही.