पिवळी आणि फितूर

३ जून
आजपासून रोजनिशी. खासगी. तरी अक्षर नीट काढायचं, पुढेमागे संग्रहालयात गेली तर?
कॉम्प्युटरवर दोन वर्षं डिझाइन केलेला औषधाचा रेणू अखेर बाटलीत उतरला. नंबर चौदा. लिंबासारखी पिवळीधमक पावडर. लाडाचं नाव पिवळी. सुस्त एन्झाइमला जागं करणार. मार्चमध्ये प्रोफेसरपदाची मुलाखत. खुर्ची आपलीच.

१० जून
एन्झाइम जागं झालं की नळीतलं पाणी पिवळं होतं आणि मशीन तो पिवळेपणा मोजतं. आज आकडा छताला! बायकोला फोन केला. म्हणाली, येताना दूध आणा. आणायचं राहिलं.

२ जुलै
पिवळीला दुसऱ्या एन्झाइमवर सोडलं. तेही जागं. तिसरं, तेही. माझी पीएचडीची विद्यार्थिनी (आम्ही तिला शंकासूर म्हणतो, आम्ही म्हणजे मी) म्हणाली, सर, हे जरा अतीच होतंय. जळते.

१९ जुलै
शंकासूर धावत आली. एका नळीत एन्झाइम घालायचंच राहिलं, तरी आकडा तोच! एन्झाइम नसतानाही लागू पडणारं औषध! मी थक्क. तिचं तोंड मात्र उतरलेलं. आनंद पचवायलाही ताकद लागते.

८ ऑगस्ट
शंकासूर फुटली. गाइड बदलून विभागप्रमुखाकडे गेली. हा माझा वर्गमित्र, माझ्या जर्नलवर डल्ला मारून पास झालेला. जाताना तिनं पिवळीची छोटी बाटली मागितली. दिली. मन मोठं आहे, काय करणार.
संकल्प: यापुढे कोणावरही विश्वास नाही.

१४ डिसेंबर
पिवळीवरचा पेपर जर्नलकडून तिसऱ्यांदा परत. सगळ्या परीक्षकांचा एकच प्रश्न, एन्झाइम नसलेल्या नळीचं काय? अरे, तेच तर ठळक अक्षरात लिहिलंय!
दूध विसरलो. बायकोनं काळा चहा पुढे ठेवला.

४ मार्च
दगा! शंकासूर आणि प्रमुख, दोघांनी मिळून पेपर छापला. पहिल्याच पानावर माझ्या रेणूची आकृती! पुढचं वाचवेना, मिटून ठेवला. जिला पाच वर्षं हाताला धरून शिकवलं तिनंच गळा कापावा? खरं सांगतो, रडलो. बायको म्हणाली, आधी पूर्ण वाचा तरी. म्हणजे घरातही फितुरी.
मुलाखतीत भांडं फोडणार. कमिटीसाठी पेपरच्या प्रती काढल्या.

११ मार्च
मुलाखत झाली. प्रती वाटल्या. टेबलावर हात आपटून सांगितलं, हा रेणू माझा, यांनी चोरला. कमिटीनं तिथेच वाचायला घेतलं. शेवटच्या पानापर्यंत वाचलं. अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं, नक्की तुमचाच ना? म्हटलं, शंभर टक्के, तसं लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं.
मग कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून पेपर पहिल्यांदा पूर्ण वाचला. चौदा नंबर कुठल्याही एन्झाइमला जागं करत नाही. तो नुसताच पिवळा आहे. मशीन त्याचाच रंग मोजतं. असल्या रेणूंना फसू नका. रेणू कुणाचा? 'एका सहकाऱ्याकडून मिळाला.' बस, एवढंच.
शंकासूर जिन्यात भेटली. तिला सगळं कळलं होतं. डोळ्यांत पाणी. म्हणाली, सर, तुमचं नाव आम्ही कुठेच येऊ दिलं नव्हतं हो.

रात्री
येताना दूध आठवणीनं आणलं. बायकोनं आधीच आणून ठेवलं होतं.