खिटी सोडताना

वेसावे,
मंगळवार, २ डिसेंबर १९८६

ती. बळवंतदादा यांस,
धर्माचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे थंडीमुळे कुरकुरतात, पण बाजारात जाऊन भांडायला तिला गुडघे लागत नाहीत. सगुणा बरी आहे. प्रेमावहिनींना आमचा नमस्कार सांग. अर्नाळ्याला यंदा बोंबील कसा आहे? इथे बेताचाच.

पत्र बघून तुला वाटेल, याला आज काय सुचलं. माझ्या लग्नाची पत्रिका आणि बाबांच्या वर्षश्राद्धाचं कार्ड, एवढंच मी तुला आजवर पाठवलं. दोन्हींवर पत्ता दुसऱ्याने लिहिला होता, कार्डावर सगुणाने. हा मी लिहिलाय.

बातमी अशी की मला गाडी मिळतेय. हसू नकोस. बर्फाच्या कारखान्यांची मशिनरी बनवणारी आमची साकीनाक्याची कंपनी तुला माहीत आहे. सात वर्षं मी तिथे स्पेअर पार्टच्या चिठ्ठ्या फाडत बसलो. आता किनाऱ्यावरच्या बर्फ कारखान्यांची देखभाल माझ्याकडे द्यायचं चाललंय, ससून डॉकपासून पार सातपाटीपर्यंत. त्या कामासाठी गाडी, आणि तीही लीजवर. म्हणजे गाडी दुसऱ्याच कंपनीची, आपण तीन वर्षं वापरायची आणि मिळाली तशी परत द्यायची.

घोडं अडलंय ते या ‘मिळाली तशी’वर. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर उजव्या पायाचे, तो पाय शाबूत आहे. क्लच डाव्या पायाचा. जयपूर फुटाने पेडल दाबता येतं, पण किती दाबलं ते कळत नाही. तेव्हा क्लच हातावर घ्यायला हवा. आणि करारात लिहिलंय की गाडीला एकसुद्धा भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. मी तो कागद काशीराम मिस्त्रीला वाचून दाखवला. त्याचं गॅरेज आमच्या कंपनीच्या मागच्या गल्लीत आहे. तो म्हणाला, “साहेब, भोक नाही पाडायचं म्हणजे वाटच लागली ना.” मग विडी पेटवून अर्धा तास गाडीखाली आडवा झाला.

गाड्या तीन, त्यातली एक निवडायची. अँबेसेडर मोठी, दार रुंद, पण आपल्या गल्लीत शिरली की सुकत घातलेली मासळी उचलल्याशिवाय पुढे सरकायची नाही. मारुतीवर अख्खं ऑफिस फिदा आहे. क्लच इतका हलका की बोटाने दाबावा. पण सीट खाली आणि दोन्ही वेगवेगळ्या. म्हणजे मला उतरायचं ते रस्त्याच्याच बाजूला. मला पाय बाहेर काढून उभं राहायला अर्धा मिनिट लागतो, आणि मागून येणारी बस काही तेवढा वेळ थांबत नाही. फियाटची पुढची सीट बाकासारखी सलग, गियर स्टिअरिंगला. बसल्या बसल्या सरकत जायचं आणि फुटपाथकडून उतरायचं. क्लच तिचा जड आहे, पण हाताने दाबायचा ना? माझा पाय गेला असला तरी हात वल्ह्याचा आहे.

म्हणून मी फियाट म्हटलं. विद्याधर, म्हणजे मी नको म्हटलं तर ज्याला हे काम मिळेल तो, म्हणाला की शहाणा माणूस मारुती सोडत नाही. त्याला काय सांगणार? फियाटला पुढे तिघं बसतात, हेही एक कारण होतंच.

सोमवारी, आठ तारखेला, लीजवाल्यांचा माणूस आणि आमचे साहेब गाडीत बसून माझं चालवणं बघणार आहेत. चाललं तर गाडी. नाही चाललं तर गाडीही विद्याधरची आणि किनाराही. मी परत चिठ्ठ्यांवर.

जेवायला हाक आली. उरलेलं उद्या लिहितो.

गुरुवार, ४ डिसेंबर

काल लिहिलं नाही. परवा वाटलं, पत्र झालंच आहे, टाकून द्यावं पेटीत. दोन दिवस पाकीट खिशात घेऊन फिरतोय.

काशीरामने मोठी झकास युक्ती काढलीय. क्लचच्या पेडलला दोन बोल्टांनी आवळलेली एक पट्टी, तिच्यातून वर आलेली सळई, वर मूठ. डाव्या हाताने मूठ खाली दाबली की क्लच दबतो. दबला की सळई एका खिटीत अडकते, मग हात मोकळा, गियर बदलायचा. आणि पुन्हा मूठ धरून खिटी काढायची, हळूहळू सोडायचं. भोक नाही, वेल्डिंग नाही, तीन वर्षांनी दोन बोल्ट सैल केले की गाडी होती तशी. आधी त्याने ती स्वतःच्या जुन्या फियाटला बसवली. तिच्यावर आम्ही रोज सकाळी आरे कॉलनीत शिकतो.

दाबायला जमतं. गियर जमतो. काशीराम शेजारी बसून, साहेब वगैरे विसरून सांगतो, “आता सोड.” आणि माझा हात तिथेच थिजतो.

एकदा नाही, रोज. इंजिन नुसतं ओरडत राहतं आणि मी मूठ धरून बसतो. काल तो दोनदा ओरडला, सोड, सोड. मी एकदम सोडली. गाडीने उडी मारली आणि झाडाला टेकवलेली दूधवाल्याची सायकल कॅनसकट आडवी केली. दूध रस्त्यावर, दूधवाला माझ्या नावाने बोंबलतोय, गोठ्यातल्या म्हशी बघतायत. सगळं निस्तरल्यावर काशीराम म्हणाला, “साहेब, पाय नव्हता ते मी लोखंडाने भरून काढलं. हात का अडतो, ते तुमचं तुम्ही बघा.”

दादा, ते मला माहीत आहे. अकरा वर्षं माहीत आहे.

त्या दिवशी जाळ्याचा दोर काठाला गुंतला होता आणि मी तो सोडवत होतो. तू मशीनवर होतास, पाठमोरा. आपल्या होडीवर बाबांचा शिरस्ता होता. ‘सोड’ म्हटलं की मशीन सोडायचं, होडी पुढे घ्यायची. दोर सैल हवा असेल तर ‘ढील दे’ म्हणायचं. बोलायला-चालायला लागल्यापासून आपल्याला दोघांना हे पाठ होतं. दुसऱ्या कुणाच्या होडीवर असं नव्हतं, म्हणून बाबांना त्याचा केवढा अभिमान. माझा पाय दोराच्या वेढ्यात होता, मला दोर सैल हवा होता, आणि मी घाईत ओरडलो, “सोड!” तू सोडलंस, होडी पुढे गेली आणि दोर माझ्या पायावर आवळला. बाबांनी शिकवलं होतं, तसंच केलंस.

दवाखान्यात बाबांनी मला विचारलं, तू काय म्हणाला होतास? मी म्हणालो, “थांब.”

का म्हणालो ते अजून नीट सांगता येत नाही. एकोणीस वर्षांचा होतो, पाय जाणार हे कळलं होतं, आणि त्याहून मला बाबांची भीती वाटली. वाटलं, उद्या सांगू. पण उद्या उजाडेपर्यंत बाबांनी वॉर्डाबाहेर सगळ्यांदेखत तुझ्या थोबाडीत मारली होती. तू एवढंच म्हणालास की मी ‘सोड’ ऐकलं, आणि ते म्हणाले, खोटं बोलू नकोस. मला आत ते सगळं ऐकू येत होतं. मी डोळे मिटून पडून राहिलो.

मग तुला मशीनला हात लावू दिला नाही त्यांनी. मग तू सासुरवाडीला अर्नाळ्याला गेलास. बाबा वारले तेव्हा आलास, खांदा दिलास आणि पाणीही न पिता गेलास. त्या वेळी तरी सांगायचं होतं. पण लोक माझ्या कुबडीकडे बघून हळहळत होते, आणि मला ती हळहळ हवीशी वाटायची. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

परवा आईने आणखी एक सांगितलं. मढच्या लग्नात प्रेमावहिनी तिच्यापाशी रडल्या म्हणे. तू वसईच्या डॉक्टरकडे दोनदा कान तपासून आलास. कान चांगले आहेत असं त्याने सांगितलं तरी तुझा विश्वास बसत नाही. मशीनवर असताना कुणी काही ओरडलं की तू मान वळवून दोनदा विचारतोस, काय म्हणालास, काय म्हणालास. खलाशी हसतात तुला.

त्या दिवशी मी जेवलो नाही. नंतर आईला सगळं सांगितलं. तिने मासळीची टोपली पुसून पालथी घातली. मग म्हणाली, “तुज्या गाडीन मना नको बसवू. पयलं बलवंताला बसव.” एवढंच. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि तिचं बरोबर आहे.

तर दादा, रविवारी सकाळी येशील का? आरे कॉलनीत, मोठ्या गोठ्याच्या अलीकडे वडाचं झाड आहे, तिथे आठ वाजता आम्ही असू. पुढे तिघं बसतात. मधे काशीराम, खिडकीशी तू. तो गप्प बसेल. ‘सोड’ तू म्हण. तू म्हटलंस तर माझा हात सुटेल असं मला वाटतं, पण खात्री नाही, आणि तू न म्हणण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. राग काढायचा असेल तर गाडीत बसून काढ. बाबांनी मारली ती माझ्या वाटणीची होती, ती तू मला परत दिलीस तरी चालेल.

आणि नाही आलास तर हे पत्र प्रेमावहिनींना वाचून दाखव, तुझ्या खलाशांनाही दाखव. सोमवारी माझं काय व्हायचं ते होवो.

डॉक्टरकडे आता जाऊ नकोस. तुझे कान तेव्हाही चांगलेच होते. तू बरोबर ऐकलं होतंस.

‘सोड’ म्हणालेला,
तुझा धाकटा भाऊ
धर्मा