तुम्ही बनवलेला कूलर

बाबा, तुम्ही बनवलेला कूलर आईला करंट मारत होता आणि आई ते माझ्यापासून लपवत होती. मी शिकवते त्या शाळेला सुट्ट्या लागल्या तशी मी पोंभुर्ण्याला तिच्याजवळ राहायला आले, पण मला त्याचा पत्ताच नाही. पत्ता लागला तो तिच्या चपलेवरून. घरात चप्पल घातलेली तिला कधी चालली नाही, हे तुम्हाला काय सांगायचं? तुमचे दुकानातले बूट पायरीखाली, जावई आला तरी त्याची चप्पल अंगणात. आणि आता हीच बाई रबरी चप्पल घालून देवासमोरून फटक फटक जाते, कूलरमध्ये पाणी टाकते आणि चप्पल पुन्हा खाटेखाली सरकवून देते. विचारलं तर म्हणाली, "फरशी तापून राह्यली वो, पाय पोळते." मला ते खरंच वाटलं. मग एका दुपारी मी तिच्या हातची बादली घ्यायला गेले, तर ती एवढ्या जोरात म्हणाली, "शिवू नको त्याले!" की मी हात मागे घेतला आणि चपलेचा अर्थ माझ्या लक्षात आला.

हा कूलर तुम्ही माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी केला होता. मी भर वैशाखात माहेरी आलेली, अंगाची लाही लाही होत होती आणि घरात एक पंखा, तोही गरम हवा इकडची तिकडे ढकलणारा. बसस्टँडजवळच्या तुमच्या दुकानात धानाच्या कोठ्या बनायच्या, लग्नाच्या पेट्या बनायच्या. कूलर तुम्ही आयुष्यात बनवला नव्हता. कोठीसाठी आणलेला जाड पत्रा कापून तुम्ही तो ठोकला, म्हणून तो आजही कूलरपेक्षा कोठीसारखाच दिसतो. चार माणसांनी उचलून तो खिडकीशी लावला, वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या आणि घरभर वास सुटला. आई खाटेवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता मी इथून उठत नाई." तुम्ही मात्र मागच्या बाजूला वाकून टाकी कुठे गळते का तेच बघत होता. कौतुक करून घ्यायची तुम्हाला कधी सवयच नव्हती.

आणि त्याच उन्हाळ्यातली ती दुपार. बाळ माझ्या खांद्यावर आहे, दुसऱ्या हातात पाण्याची बादली, कूलर सुरूच आहे आणि मी तशीच टाकीत पाणी ओततेय. तुम्ही जेवायला घरी आलेले. दारातूनच तुम्ही असे ओरडता की बाळ दचकून रडायला लागतं. "मराचं हाय का तुले? पिन काढ पयले!" बादली माझ्या हातून सुटते. तुम्ही जेवण राहू देऊन बोर्डातली पिन काढता, मग मला जवळ बोलावता आणि कूलरच्या अंगाला बोटांची मागची बाजू लावून दाखवता. शिवायचं तर असं, उलट्या हातानं. करंट असला तर मूठ आपोआप आवळते, सुलट्या हातानं धरलेलं मग सुटत नाही. मला तुमचा राग आला होता, बाबा. बाळंतिणीवर कोणी असं ओरडतं का? दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. त्यानंतर मात्र या घरात पिन काढल्याशिवाय कोणी पाणी टाकलं नाही. तुम्ही गेल्यावरही नाही, असं मी समजत होते.

आता आईची तऱ्हा ऐका. मागच्या आठवड्यात तिला ऊन लागलं. बोलता बोलता शब्द विसरायला लागली, अंग चटका बसेल असं तापलं. दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, या वयात पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही, त्यांना थंड जागेत ठेवा. आणि नवतपा, ते सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलेला. म्हणजे कूलर बंद ठेवला तर उन्हानं जायची भीती आणि सुरू ठेवला तर करंटनं. माझ्या जिवाला काही थारा नव्हता. मिस्त्री बोलावला. त्यानं मागची जाळी काढली, आत बॅटरी मारली आणि मान हलवली. "अर्थिंग जोडून देतो मी, पन टाकी सडली बाई. पानी मोटरवर जाऊन राह्यलं. आज चालन, उद्याचं मी नाई सांगत." अशा एका दिवसाच्या भरवशावर मी अर्थिंग जोडून घेतलं नाही, फोन करून मुलाला सांगितलं. तोच तो, ज्याच्यासाठी कूलर बनला. तो पुण्याहून म्हणतो, "आई, यात विचार काय करायचा? सरळ एसी घे." त्याला काय माहीत, इथे दुपारी लाइट जाते आणि इन्व्हर्टरवर कूलर चालतो, एसी नाही. बंद खोलीत, बंद एसीखाली आईला ठेवू का? मग एकच उरलं. फायबरचा नवा कूलर, ज्याच्या अंगाला करंट येत नाही. दुकानदार त्याच दिवशी आणून द्यायला तयार होता.

पण आई ऐकेल तर ना. "हा इथून हालला तं मी पन हालन," म्हणाली. मी पिन काढून ठेवली, ओली चादर खिडकीला लावली, माठातल्या पाण्याने तिचं अंग पुसलं. माझा जरा डोळा लागला की ही उठून पुन्हा पिन लावते. मी भांडले, बाबा. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुला मरायची एवढी घाई असेल तर मला इथे कशाला बसवून ठेवलंस? ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. मग हळूच म्हणाली, "थो झटका बसते ना, तवा तुह्या बापाचं वरडनं आयकू येते. पिन काढ पयले. अगदी तसंच. मंग मी काढतो पिन." असं म्हणून वर हसली. मला रडू आलं आणि रागही आला. एवढी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, मला तुमचा चेहरा आठवतो, चालणं आठवतं, पत्रा ठोकताना दातात धरलेला खिळा आठवतो. आवाज मात्र आठवत नाही. आणि ही बाई रोज दुपारी ऐकून राह्यली होती, एकटीच.

आज दुपारी मी अंगणातले कपडे काढून आत आले तर कूलर पुन्हा सुरू. आई भिंतीकडे तोंड करून निजलेली. मी दुकानदाराला काय सांगायचं, तिला काय सांगायचं, याच विचारात कूलरपाशी उभी राहिले. हात घामाने ओलसर होते. तिची चप्पल खाटेखालून ओढून पायात घातली, तेवढी अक्कल शाबूत होती. आणि उलटा हात कूलरला लावला. कोपरापर्यंत सणक गेली. कपडे खाली पडले, मी भिंतीवर आदळले. आणि मागून आवाज आला, "मराचं हाय का तुले? पिन काढ पयले!" आई खाटेवर उठून बसली होती. तेच शब्द, तोच चढलेला सूर, शेवटी आवाज फाटतो तोही तसाच. ती अनवाणीच उठली, माझ्याआधी बटणापर्यंत पोचली, पिन ओढून काढली, माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. "जाऊ दे याले," म्हणाली. "माह्या पोरीले मारते म्हंजे काय? बलाव त्या दुकानवाल्याले."

संध्याकाळी नवा कूलर आला. पांढरा आहे, हलका आहे, दिसायलाही कूलरसारखा दिसतो. तुमचा अंगणात सीताफळाच्या झाडाखाली ठेवलाय, सकाळी भंगारवाला येईल. आई गार हवेत शांत झोपली आहे आणि चप्पल पुन्हा पायरीखाली गेली आहे. हा कागद मी उद्या आंघोळीचं पाणी तापवताना चुलीत घालीन, कारण आईला वाचता येतं आणि तिला वाटतं की माझा हात चुकून लागला. तो मी मुद्दाम लावला होता, बाबा. मलाही तुम्हाला ऐकायचं होतं.