एकच शब्द, अरुंद वाट

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
११ मे २००८

चि. मनालीस आजीचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा मी समोरच होते, पण फोनमध्ये मला नुसता तळणीचा आवाज येतो. तुझ्या बापाने तो कानाला लावला, मी दोनदा हो म्हटलं. कशाला हो म्हटलं ते तोच जाणे. म्हणून हे पत्र. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं आहेत, हसायचं ते तिकडे पुण्यातच हस.

तुझ्या आजोबांचं अंग उजवीकडून गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणतो, डोक्यात आठवण सगळी शाबूत आहे, पण तिथून तोंडापर्यंतची वाट अरुंद झाली. त्या वाटेने एकच शब्द बाहेर येतो. बस. सकाळी बस, पेज भरवताना बस, मी बोलायला लागले की बस. मी समजायचं ते समजले. जन्मभर माझी बडबड मुकाट ऐकली, आता एक शब्द उरला तर तोही मला गप्प करायला. डावा हात तेवढा चालतो, त्याने ते खाटेची कड थापटतात आणि गोधडी खाली सरकते. मी नीट करते, ते परत थापटतात. दिवसभर हाच धंदा.

तुझा भाऊ भूषण म्हणाला, तू कॉम्प्युटरसाठी कसलंसं कार्ड घेणार आहेस. मला रेशनचं तेवढं ठाऊक. नीट लिही.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवून इथे तो सांभाळायला कोणी नाही.

तुझी आजी,
भिमाबाई


पुणे
१६ मे २००८

ती. आजीस मनालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले नाही, खरंच. पप्पा म्हणतात, आजीला बसलेलं कुणी पाहिलंच नाही. मग हे पत्र ओट्यापाशी उभ्याने लिहिलंस का?

कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची पाटी. पडद्यावरची चित्रं ती काढते. ती नसेल तर माझी चित्रं हलतच नाहीत. दोन पाहून ठेवली आहेत. पहिल्याची मेमरी, म्हणजे आठवण, ५१२ एमबी. दुसऱ्याची निम्मी, २५६. दुकानदार पहिलंच पुढे करतात. पण आठवणीतून माल बाहेर यायला एक रस्ता असतो, त्याला बस म्हणतात. पहिल्याची बस ६४ बिटची, दुसऱ्याची १२८, म्हणजे दुप्पट रुंद. शिवाय दुसऱ्याची मेमरी नव्या जातीची, जास्त चपळ. मी गुणाकार केला. पहिल्यातून सेकंदाला सहा जीबीच्या वर थोडा माल येतो, दुसऱ्यातून बावीसच्या वर. अर्थात हा कागदावरचा वेग. कुठे काही अडलं नाही तर एवढा. खरा नेहमी कमीच भरतो.

आणि आजी, हे लिहितानाच मला उलगडलं. आजोबा तुला गप्प करत नाहीत. ते बसबद्दल बोलतायत, शहाडच्या कारखान्याच्या बसबद्दल. इतकी वर्षं त्याच बसने गेले, तेच आठवत असणार. ती बस मी हुबेहूब बनवते, नाक्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत. आजोबा पाहतील आणि बोट तरी दाखवतील. तशी वाट रुंद झाली तर आणखी शब्द येतील. बस कशी होती ते सगळं लिही. परीक्षेमुळे मला जून संपेपर्यंत निघता येत नाही.

तुझ्या शिव्यांची सवय आहे, त्या कमी करू नकोस.

तुझी,
मनाली


पालेगाव
२१ मे २००८

चि. मनालीस जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

म्हणजे तुझ्या आजोबांचं पहिलं कार्ड झालंय. कोठार भरलेलं आणि दार फडताळाएवढं. दुसरंच घे. कागदावरच्या वेगाचं म्हणशील तर मुलगा बघायला जातात तेव्हा कागदावर सगळेच वेगवान असतात. तुझ्या बापाचाही कागद छान होता.

इकडे स्वस्त पडेल म्हणून भूषण तुझ्यासाठी उल्हासनगरला सिंध्याच्या दुकानात जाऊन आला. तो माणूस ५१२ वालंच हातात कोंबत होता, साईं, डबल मेमरी है, म्हणून. भूषणला दोन्हींतलं काही कळत नाही, पण तू पढवलं होतंस तसं एकशेअठ्ठावीस, एकशेअठ्ठावीस म्हणत राहिला. शेवटी सिंधी हसला आणि आतून दुसरं काढून दिलं. पुण्याला जाणाऱ्या राजूकडे पाठवतो आहे.

बस चॉकलेटी होती. दाराची कडी तुटलेली, तिथे सुतळी बांधलेली. ड्रायव्हर हिंदुराव, पत्र्यावर थाप पडल्याशिवाय थांबायचा नाही. आजोबा डाव्या खिडकीत बसायचे आणि डबा मांडीवर घ्यायचे. मी त्या बसमध्ये कधी चढले नाही, नाक्यावरून तेवढी पाहिली.

तू म्हणतेस ते खरं असेल. मी त्यांना विचारलं, तुमची कंपनीची बस का. त्यांनी डोळे मिटून घेतले. हो की नाही, देव जाणे म्हणायचीही आपल्यात सोय नाही.

जेवत जा. आमचा लोभ पोटावर आहे.

तुझी आजी,
भिमाबाई


पुणे
२ जून २००८

ती. आजीस सप्रेम जयभीम. वि. वि.

कार्ड चाललं. कागदावरच्याइतकं नाही, पण बस धावते. सुतळीसुद्धा हलते. सीडी पप्पांच्या पत्त्यावर पाठवली आहे, कुणाचा तरी कॉम्प्युटर आणून खाटेजवळ लावायला सांग. आजोबा काय करतात ते जसंच्या तसं लिही, पेपर आहेत म्हणून काही लपवू नकोस.

वाट पाहणारी,
मनाली


पालेगाव
१५ जून २००८

चि. मनालीस जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

बापाने फोनवर सांगितलंच आहे. तू जसंच्या तसं मागितलंस म्हणून लिहिते.

रविवारी भूषणने शेजारच्या कीर्तीचा कॉम्प्युटर उचलून आणला. लाइट जायच्या आत लावला. आळीतली माणसं दारात जमली. बस निघाली, तशी सगळ्यांनी सुतळी ओळखली. आजोबांनी पडद्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून माझ्याकडे पाहिलं. मी पायथ्याशी पेजेचं ताट धरून उभी होते. ते म्हणाले, बस. मी म्हटलं, हो, तुमचीच बस. ते परत म्हणाले, बस, आणि डाव्या हाताने खाटेची कड थापटली. गोधडी सरकली. मी ती नीट करायला वाकले, तर हात तिथेच थापटत राहिला, माझ्या हाताशेजारी. तेवढीच जागा, एका बाईपुरती.

मी ताट खाली ठेवलं आणि बसले.

हात थांबला. नंतर तो शब्द त्यांनी काढलाच नाही, दुसराही नाही. गुरुवारी पहाटे गेले. भंतेजी आले होते, सगळं रीतीप्रमाणे झालं.

तुझं कार्ड परत देऊ नकोस, चांगलं आहे. बस फाटकापर्यंत गेली आणि थांबली, फार सुंदर होती असं सगळे सांगतात. मी पाहिली नाही. मी बसले होते.

पेपर संपले की ये. आल्यावर आधी खाटेवर बस, मग रडायचं ते रड. लोभाचं काय लिहू, तो इथेच आहे.

तुझी आजी,
भिमाबाई