माइकला चिकटलेली होनोराता

तुझ्या गोंदाच्या डब्यावर सगळं अरबीत आहे. मला आपलीच अक्षरं जुळवताना घाम फुटतो, तिथे ही वळवळ कुणी वाचायची? असो. चि. तेओदुलो, तुला आणि रोसेंदाला मावशीचे आशीर्वाद. दुबईच्या उन्हात जपा. गुडघे सोडले तर मी ठीक.

डब्याबद्दल मात्र मनापासून आभार. का, ते ऐक. तुझ्या काकांचा जुना माइक (घरात माणूस धड बोलला नाही, पण माइकवरून सारं गाव हलवायचा) यंदा पवित्र आठवड्यात पाबासाच्या गाण्याला चालला नसता, तर गावचा कप्तान तो भंगारात देणार होता. नवा प्लास्टिकचा खोक्यासकट चॅपलमध्ये आणूनही ठेवलेला. आमच्या माइकच्या जाळीआतला स्पंज कुजला होता. आधी चांभाराकडचा गोंदाचा फवारा मारला, तर नव्या स्पंजाची पेज झाली. मग दुसरा स्पंज आणून तुझा डबा काढला. तू सांगितलं होतंस, पातळ मार, सुकू दे. माझा हात कधी पातळ नव्हता (तुझे कान साक्षीला आहेत). गोंद जाळीतून बाहेर आला आणि सुकला म्हणून नाही.

गुरुवारी होनोराताची पाळी. तिला माइक गिळल्याशिवाय गाता येत नाही. डोक्यावरची काळ्या लेसची ओढणी बसली माइकला चिकटून. येशूच्या यातना गायला घेतल्या की संपेपर्यंत थांबायचं नाही, आणि देवासमोर डोकं उघडं करायचं नाही. ओढली असती तर स्पंजही आला असता. म्हणून मी धावले, माइक धरला आणि तिच्या गालाला गाल लावून गाऊ लागले. काकांच्या मयताला माझ्या शेवयांना अळणी म्हणाली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पण ही बया ओळीच्या मध्येच, त्याच चालीत गायली, "ओढू नकोस गं, माझ्या आईची आहे." मीही त्याच चालीत, "मग मान हलवू नकोस, म्हशी." समोरच्या बायकांनी दोन्ही ओळी भक्तिभावाने मागून म्हटल्या.

शेवटी कात्री चाललीच. पण आवाज असा घुमला की कप्तान म्हणाला, "आजी, माझा खोका मी घरी नेतो."

तुझी मावशी,
एउसेबिया

ता. क. जीपच्या छताला कापड लावतात तो गोंद स्पंजाला खरा चालतो, आता तोच मारलाय. तुझा परत पाठवू नकोस.

ता. क. होनोराता लेसवरचा गोंद काढायचं औषध मागते आहे. तेवढं पाठव, असं तिच्यासमोर लिहिते आहे.

ता. क. ती गेली. औषध पाठवू नकोस. ते मागवलं का, आलं का विचारायला रोज दुपारी येते, नारळाचा भात घेऊन, आणि दिवेलागणीपर्यंत हलत नाही. तुझी पत्रंही तीच मला वाचून दाखवते. म्हणून उत्तर रोसेंदाने लिहायचं, की दुकानात अजून आलेलं नाही. तू लिहू नकोस, तुला खोटं जमत नाही.